दाण्यातील लोह : बाजरीवरील विद्यापीठ-संशोधनाचा पाठ

पश्चिम महाराष्ट्रातील अवर्षणप्रवण पट्ट्यात, खानदेशात आणि मराठवाड्याच्या पश्चिम भागात शेतकऱ्यास बाजरीची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. हलकी मुरमाड जमीन आणि बेभरवशाचा पाऊस ज्यांच्या वाट्यास आला, त्यांच्या आज्या-पणज्यांनीही बाजरीच पेरली आणि बाजरीच खाल्ली. परंतु याच बाजरीसंबंधी गेल्या चाळीस वर्षांत विद्यापीठांतून जे संशोधन झाले, त्याची वार्ता गावापर्यंत अपुरीच पोहोचली आहे. हे संशोधन केवळ एकरी उतारा वाढविण्यासाठी नव्हते. बदलत्या हवामानात तग धरील, लहान शेतकऱ्यास आपल्या घरी राखता येईल आणि खाणाऱ्याच्या, विशेषतः घरातील मुली व स्त्रियांच्या, अंगी रक्त भरील असा एकच दाणा मिळू शकेल काय, हा त्यामागचा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर कोठवर मिळाले आणि कोठे अडले, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधुभगिनींनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण जेथे ते अडले आहे तेथून पुढचे काम मुख्यतः गावाचे आहे.

न दिसणारी उणीव

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४.२ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या, म्हणजे २०१५–१६ च्या फेरीत हेच प्रमाण शेकडा ४८ होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत तर ते शेकडा ६८.९ इतके निघाले. म्हणजे धान्याची कोठारे भरलेली असताना आणि शिधापत्रिकेवर गहू-तांदूळ मिळत असतानाही ही उणीव घटली नाही, उलट वाढलेली दिसली. पोट भरणे आणि अंगी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे जुन्या माणसांना ठाऊक होते. आकड्यांनी तेच सांगितले.

रक्तक्षयाची कारणे अनेक असतात. जंत, हिवताप, वरचेवरची बाळंतपणे, आणि नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार, यांमुळेही रक्त कमी होते. तरीही आहारातील लोहाची कमतरता हे त्यांतील एक मोठे कारण आहे. शेतात दिवसभर निंदणी करणाऱ्या बाईस धाप लागते, शाळेतील मुलीचे चित्त फळ्यावर ठरत नाही, तेव्हा घरचे लोक तो आळस समजतात. पिकात लोह कमी पडले तर पाने पिवळी पडतात आणि ते शेतकऱ्यास बांधावरून दिसते. माणसाच्या बाबतीत मात्र तीच उणीव घरातल्या घरात वर्षानुवर्षे लपून राहते.

हवामान आणि दाण्याचा कस

बाजरी हे मूळचे आफ्रिकेतील साहेल प्रदेशाचे, म्हणजे वाळवंटाच्या काठचे पीक होय. सुमारे चारशे-पाचशे मिलिमीटर पावसात ते पदरात धान्य टाकते. सुरुवातीच्या वाढीत उघडीप पडून मुख्य ताट खुंटले, तर पुढच्या पावसावर येणाऱ्या फुटव्यांची कणसे ती तूट बऱ्याच अंशी भरून काढतात. उष्णतेसही ते दाद देत नाही. उत्तर गुजरातेत उन्हाळी बाजरी फुलोऱ्यात असताना पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि तेथे दाणा धरणारे निवडक वाण संशोधकांनी शोधून काढले आहेत.

याचा अर्थ बाजरीस कशाचेच भय नाही असा मात्र नव्हे. फुलोऱ्यात आणि दाणे भरताना पाण्याचा ताण पडला तर तीही खचते. त्याहून अधिक हानी साचलेल्या पाण्याने होते. आता पावसाळ्यात दीर्घ उघडीप आणि मग एका दिवसात धो धो पाऊस असे प्रकार वाढले आहेत. फुलोऱ्यात सतत पाऊस लागल्यास पराग धुऊन जातो, दाणा भरत नाही आणि अरगट रोगास वाव मिळतो. म्हणून उतारास आडवी पेरणी, मधून मधून सऱ्या आणि पाणी निघून जाण्यास वाट, एवढी तजवीज हलक्या जमिनीतही करावी लागते.

हवामानबदलाची दुसरी बाजू कमी बोलली जाते आणि ती अधिक गंभीर आहे. हवेतील कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण औद्योगिक युगापूर्वी दशलक्ष भागांत सुमारे २८० होते. आता ते ४२० च्या वर गेले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निरनिराळ्या देशांतील उघड्या शेतांत हा वायू मुद्दाम सोडून त्याचे प्रमाण साडेपाचशेच्या आसपास राखले गेले आणि पिकांच्या दाण्यांचे पृथक्करण केले गेले. गव्हाच्या दाण्यातील जस्त शेकडा ९.३ ने आणि लोह शेकडा ५.१ ने घटलेले आढळले. भातातही घट दिसली. ज्वारी आणि मका यांवर मात्र तसा ठळक परिणाम झाला नाही. ज्वारी, मका, ऊस आणि बाजरी यांच्या पानांत हा वायू आधीच एकवटून वापरण्याची स्वतंत्र व्यवस्था असते. हवेत तो वाढला तरी त्यांच्या कारभारात फारसा फरक पडत नाही. शिधावाटपातील गहू-तांदळाने ज्या भरड धान्यास ताटातून मागे सारले, तेच धान्य येत्या काळात आपला कस टिकवून धरण्याची शक्यता अधिक आहे. गावातील वृद्ध स्त्री बाजरीला ताकदीचे अन्न म्हणते, त्यास हा एक नवा आधार समजावा.

टोगोच्या शेतातून महाराष्ट्रात

हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था कोरडवाहू पिकांवर काम करते. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागात शेतकरी पिढ्यानपिढ्या राखीत आलेली ‘इनियाडी’ नावाची स्थानिक बाजरी आहे. दाणा टपोरा, पीक लवकर येणारे. तिच्यातून निवड करून या संस्थेने आयसीटीपी ८२०३ हा वाण तयार केला. १९८८ साली तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला आणि येथील शेतकऱ्यांनी तो आपलासा केला. त्या वेळी कोणाचे लक्ष लोहाकडे नव्हते. गोसावी रोगास तो दाद देत नाही आणि लवकर घरी येतो, एवढ्यावरच त्याची कीर्ती होती.

पुढे दाण्यांचे पृथक्करण होऊ लागले, तेव्हा या वाणात मुळातच लोह अधिक असल्याचे ध्यानात आले. शिवाय एकाच शेतातील झाडाझाडांत हे प्रमाण कमीअधिक होते. इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून या फरकाचा उपयोग केला. अधिक लोह असणाऱ्या झाडांचे वंश निवडले, ते पुन्हा आपसात मिसळू दिले आणि त्यातून ‘धनशक्ती’ हा वाण सिद्ध झाला. २०१४ साली तो देशातील सर्व बाजरी-उत्पादक राज्यांसाठी अधिसूचित झाला. दर किलो दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह व ४० मिलिग्रॅम जस्त, पक्वतेचा काळ सुमारे ७५ दिवस आणि मूळ वाणापेक्षा शेकडा अकरा अधिक उत्पन्न, असे त्याचे गुण नोंदले गेले आहेत. यात दुसऱ्या जिवाचा जनुक घातलेला नाही. शेतकरी खळ्यावर चांगली कणसे निवडून बियाण्यास ठेवतो, तीच ही रीत. फक्त डोळ्याच्या जागी येथे प्रयोगशाळेचे उपकरण आले.

या निवडीत एक अडचण होती आणि तिच्यातून संशोधनाची सचोटी कळते. खळ्यावरील धूळ दाण्यास चिकटली की मातीतील लोह दाण्याचे म्हणून मोजले जाते. म्हणून संशोधक त्याच नमुन्यातील ॲल्युमिनियमही मोजतात. ते मातीत विपुल व दाण्यात नगण्य असते. ॲल्युमिनियम अधिक निघाले, की तो नमुना धुळीने माखलेला समजून बाद होतो. अशी काळजी घेतली नसती तर सर्वांत घाणेरडे खळे असणारा वाण पहिला आला असता!

या कामाचा एक परिणाम सर्व वाणांवर झाला. २०१८ पासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात चाचणीस येणाऱ्या बाजरीच्या वाणात दर किलोस किमान ४२ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे, अशी अट घालण्यात आली. उताऱ्याबरोबर कसही पाहावयाचा, ही गोष्ट नियमात आली. त्याच वर्षी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ज्वारीतही ‘परभणी शक्ती’ हा सुमारे ४५ मिलिग्रॅम लोहाचा वाण दिला.

ताटात आणि रक्तात

दाण्यात लोह आहे एवढ्याने ते माणसाच्या रक्तात जाते असे नाही. येथे कृषी विद्यापीठाचे काम संपून आहारशास्त्राचे सुरू होते. मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ आणि अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ यांच्या संशोधकांनी अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील निवासी शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. १२ ते १६ वर्षे वयाची २४६ मुले-मुली त्यात होती. सोडत काढून त्यांचे दोन गट केले. एका गटास अधिक लोहाच्या बाजरीच्या भाकरी आणि दुसऱ्यास नेहमीच्या बाजरीच्या भाकरी, अशा दिवसातून दोन वेळा, सहा महिने दिल्या.

दोन गट कशासाठी, असा प्रश्न प्रात्यक्षिकाच्या वेळी शेतकरी हटकून विचारतात. शेतात आपण खत घातलेल्या वाफ्याशेजारी न घातलेला वाफा राखतो, त्याचेच हे रूप आहे. सर्वच मुलांना नवी बाजरी दिली असती आणि त्यांची प्रकृती सुधारली असती, तर ती बाजरीने सुधारली की वेळच्या वेळी जेवण मिळाल्याने, हे सांगता आले नसते. सोडत अशासाठी की धट्टीकट्टी मुले एका बाजूस आणि किडकिडीत दुसऱ्या बाजूस असे होऊ नये.

चार महिन्यांनी रक्त तपासले, तेव्हा अधिक लोहाची बाजरी खाणाऱ्या गटात शरीरातील लोहाचा साठा दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे वाढलेला आढळला. सुरुवातीस ज्यांच्या अंगी लोह कमी होते, अशा मुलांत सहा महिन्यांअखेर ती कमतरता भरून निघण्याची शक्यता नव्या बाजरीच्या गटात १.६४ पट होती. याच प्रयोगातील मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले; त्यांत लक्ष व स्मरण यांत नव्या बाजरीच्या गटाची प्रगती अधिक दिसली. गोळी नाही, सुई नाही, नवा पदार्थ नाही; ज्या भाकरीची चव मुलांना जन्मापासून ठाऊक, तिच्यातूनच हे घडले.

मात्र दुसरीकडे हाच दाणा तसा उपयोगी पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईतील झोपडवस्त्यांतील १२ ते १८ महिने वयाच्या बालकांना बाजरीचे पूरक अन्न देऊन नऊ महिने प्रयोग झाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, सर्व बालकांचा एकत्र विचार करता, लोह व जस्ताच्या बाबतीत दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तान्ह्या मुलाचे खाणे थोडे, आजारपणे पुष्कळ. तेथे नुसते धान्य पुरे पडत नाही. अंगणवाडी सेविकेने किंवा कृषी कार्यकर्त्याने ‘ही बाजरी खा, सर्व रक्तक्षय जाईल’ असे कोणासही सांगू नये. गर्भवती स्त्रीची लोहाची गोळी बाजरीसाठी कदापि बंद करावयाची नाही. सिकलसेलच्या रुग्णाने तर वैद्यकीय सल्ल्यानेच वागावे.

घरच्या हिशोबासाठी एक उदाहरण घेता येईल. एखादी स्त्री दिवसास पाव किलो पिठाची भाकरी खाते असे धरू. किमान अटीतील बाजरीतून तिला साडेदहा मिलिग्रॅम लोह मिळते, धनशक्तीतून पावणेअठरा. यातील शंभरात सातच भाग अंगी लागतात असे मानले तर पहिल्या बाजरीतून सुमारे पाऊण आणि दुसरीतून सव्वा मिलिग्रॅम लोह रक्तास मिळाले. पाळी येणाऱ्या स्त्रीची रोजची गरज सुमारे दीड मिलिग्रॅम. अर्धा मिलिग्रॅम हा आकडा ऐकण्यास क्षुद्र वाटतो, पण तो गरजेचा तिसरा हिस्सा होय, आणि तो रोज मिळतो.

चुलीपाशी काय करावे

शंभरात सातच भाग का, याचे कारण बाजरीच्या दाण्यात फायटिक आम्ल असते आणि ते लोहास बांधून ठेवते. दाणे मोड आणून वाळवून दळले किंवा पीठ आंबवून वापरले म्हणजे हे बंधन सैल होते. आंबील हा पदार्थ या दृष्टीने फार शहाणपणाचा आहे. भाकरीबरोबर लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो किंवा कच्ची हिरवी मिरची असली की लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला की उलटे होते. न्याहारीस चहा-भाकरी ही आपल्या खेड्यांतील घरोघरची पद्धत. तिच्यात निदान तासाभराचे अंतर पडावे, एवढे जरी साधले तरी पुष्कळ झाले.

बाजरीचे पीठ चार-आठ दिवसांत कडू होते, ही बायकांची जुनी तक्रार आहे आणि बाजरी मागे पडण्याचे ते एक खरे कारण आहे. दाण्यात स्निग्धांश अधिक असून दळताच त्यातील पाचक द्रव्ये त्यावर काम करू लागतात. गव्हाचे पीठ महिन्याचे एकदम आणता येते. बाजरीसाठी गिरणीच्या खेपा वाढतात आणि त्या कोणास घालाव्या लागतात हे सांगण्याची गरज नाही. दळण्यापूर्वी दाणे उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून, काढून, कडक उन्हात पूर्ण वाळविले, किंवा कोरडे भाजून घेतले, तर ही क्रिया मंदावते व पीठ अधिक दिवस टिकते, असे अन्नशास्त्रीय अभ्यासांत आढळले आहे. वाळवणात ओल राहू देऊ नये, नाही तर बुरशी धरते. बियाण्याचे दाणे या कामी घेऊ नयेत. ते पुन्हा उगवणार नाहीत.

बाजरी उष्ण म्हणून उन्हाळ्यात तिला हात न लावण्याची रीत पुष्कळ घरी आहे. या समजुतीशी वाद घालीत बसण्यात अर्थ नाही. भोगीच्या दिवशी तिळाची भाकरी आणि त्याआधी-नंतरचे थंडीचे चार महिने बाजरीचे म्हणून घरोघरी ठरलेलेच आहेत. आणि शाळेतील प्रयोगात फरक दिसण्यास चारच महिने लागले होते.

शेतातील व्यवस्था

लागवडीविषयी शेतकऱ्यास नवे थोडेच सांगावयाचे आहे. पुरेसा पाऊस होऊन जमिनीत ओल झाल्यावर, साधारणतः जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, हेक्टरी तीन ते साडेतीन किलो बियाणे दोन ओळींत ४५ व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर राहील अशा बेताने पेरावे. बी दोन-तीन सेंटिमीटरहून खोल पडू देऊ नये. अरगटासाठी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी ढवळावे. वर तरंगणारे हलके व रोगट बी काढून जाळावे, तळचे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. विरळणी आणि एक-दोन कोळपण्या वेळेवर झाल्या पाहिजेत.

लोहाच्या बाजरीस माती मात्र विशेष पाहावी लागते. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही आणि तेथे चांगला वाणही आपला पूर्ण कस दाखवीत नाही. माती तपासून कमतरता निघाल्यास हेक्टरी वीस किलो झिंक सल्फेट व वीस किलो फेरस सल्फेट देण्याची शिफारस आहे. फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे म्हणजे ते चुन्यात अडकत नाही.

बियाणे कोणाच्या घरी

संकरित बाजरीचे बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते. धनशक्ती हा सुधारित, म्हणजे मुक्त परागीकरणाचा वाण आहे. त्याचे बी घरी राखून दोन-तीन हंगाम पेरता येते. संकरित वाणांचा उतारा सहसा अधिक असतो हे लपविण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे पाण्याची सोय व हाती पैसा आहे, तो संकरित घेईल आणि त्यात वावगे काही नाही. लोह अधिक असणारे संकरित वाणही आता निघाले आहेत. परंतु पहिली पेरणी करपून दुबार पेरणीची पाळी येते, त्या वेळी जिच्या कणगीत राखलेले बी आहे तिचा हंगाम वाचतो.

येथेच एक नाजूक प्रश्न उभा राहतो. बाजरीच्या कणसावर स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात व परागकोश दोन-तीन दिवस मागून येतात. त्यामुळे दाणा बहुधा दुसऱ्या झाडाच्या परागाने भरतो, आणि शेजारच्या शेतात दुसरा वाण असेल तर तो पराग वाऱ्याने येतो. असे मिसळलेले बी पुढील हंगामात पेरले की लोहाचे प्रमाण उतरू लागते आणि ते कोणाच्या डोळ्यास दिसत नाही. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी इतर बाजरीपासून २०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी ४०० मीटर अंतर ठरविले आहे. एक-दोन एकरांच्या धारकास चारी बाजूंनी २०० मीटर मोकळे कोठून मिळणार? हे काम एकट्याचे नव्हे. शिवारातील लागून असलेल्या दहा-पंधरा शेतकऱ्यांनी एकच वाण पेरण्याचे ठरविले आणि पट्ट्याच्या मधोमध असलेल्या शेतातून बियाणे घेतले, तर अंतर आपोआप साधते. त्या शेतातील वेगळ्या चेहऱ्याची व रोगट झाडे फुलोऱ्यापूर्वी उपटून टाकावीत. दोन-तीनशे चांगल्या झाडांची कणसे वेगळी खुडून, वेगळी मळून, वाळवून ठेवावीत. मोजक्याच झाडांची घेतली तर वाण खुजा होत जातो. तीन वर्षांनी विद्यापीठाकडून किंवा अधिकृत विक्रेत्याकडून नवे बी आणून सुरुवात करावी.

हा निर्णय कोणाच्या बैठकीत होतो, याकडे कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे. पीक-प्रात्यक्षिकाची यादी सात-बारावरील नावांवरून तयार होते आणि ती नावे बहुतांशी पुरुषांची असतात. बियाणे निवडून, राखेत घोळून, मडक्यात भरून ठेवणारी घरधनीण त्या यादीत नसते. भाकरी थापताना पीठ तुटते की चिकटते, दोन दिवसांनी कडवटते की नाही, हे तीच सांगू शकते. तिला न विचारता दिलेले बियाणे एका हंगामापुरते टिकते. महिला बचत गटाची बैठक संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नये, एवढा साधा विचारही पुष्कळदा होत नाही.

आणि ज्याच्या नावावर सात-बारा मुळी नाहीच, त्या भूमिहीन मजुराच्या घरी हा दाणा कसा जाणार? पूर्वी मजुरीत धान्य मिळे; आता पैसे मिळतात आणि शिध्यातून गहू-तांदूळ येतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्यास जागा आहे, परंतु कायद्यातील जागा आणि दुकानातील पोते यांत अंतर राहते. शाळेतील मध्यान्ह भोजन, वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांत गावचीच बाजरी घेतली गेली तर ती वाट सर्वांत सरळ आहे. तेथेच भूमिहीनाची मुलगी आणि बागायतदाराची मुलगी एका पंक्तीस बसतात.

बाजारात मात्र अधिक लोहाच्या दाण्यास अधिक भाव नाही. आडत्यापुढे दोन ढीग ओतले तर कोणते धनशक्तीचे हे त्यास कळत नाही आणि तो वेगळा भावही देत नाही. शेतकऱ्याने या बाजरीची शेती केवळ विक्रीच्या आशेने करू नये. आधी घरच्या वर्षभराच्या खाण्यापुरता तुकडा राखावा. तो दाणा खळ्यावर इतर बाजरीत मिसळू देऊ नये, ताडपत्रीवर मळावा, आणि कणगीवर वाणाचे नाव व हंगामाचे वर्ष लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. बियाण्याच्या मडक्यावर तीच चिठ्ठी असावी. कितवा हंगाम चालला आहे, हे पुढच्या पेरणीस तिच्यावरूनच समजेल.